शाळा सोडण्याचे कारण

दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्याला ‘बाहेरून’ म्हणायचं कोणाच्या डोक्यातून निघालं, त्याला मला एकदा भेटायचं आहे. मी तर शिकण्यासाठी उंबरा ओलांडला नाही. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या दोन खोल्यांत, शिलाई मशीनला लागून असलेल्या टेबलावर, दुपारी दोन ते चार मी माझ्या मुलीकडून दहावी शिकले. मुलगी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. माझं गणित चुकलं की ती “आई, घाई नको करूस” एवढंच म्हणायची, पण अशा सुरात, की ब्लाउजाची बाही उलटी लागल्यावर गिऱ्हाइकंसुद्धा तसं बोलत नाहीत.

मी एक्केचाळीस वर्षांची होते. दहावी होऊन मला कुठे साहेबीण व्हायचं नव्हतं. पण मुलीच्या शाळेच्या, कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर आईच्या शिक्षणासमोर ‘आठवी पास’ लिहिताना माझा हात जड व्हायचा. मी शाळा सोडली नव्हती, ती मला सोडायला लावली गेली होती. आता निदान कागदावर तरी हिशेब सरळ व्हावा, इतकीच माझी इच्छा होती.

फॉर्मसोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. माझा दाखला पंचवीस-सव्वीस वर्षं शाळेतच पडून होता. आमच्याकडे शाळा सुटलेल्या मुलीचा दाखला आणायला कोणी जात नसे. पुढे कुठे घालायचंच नाही, तर दाखला कशाला? मी देवळ्याची बस धरली आणि तिथून कांद्याच्या गोण्यांत पाय आखडून जीपने गावी गेले. शाळेतल्या क्लार्कने अर्ध्या तासात दाखला लिहून दिला. शाई ओली होती म्हणून फुंकर मारली आणि न वाचताच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. परत येताना तो फोल्डर मी मांडीवर आडवासुद्धा ठेवला नाही, इतकं मला त्याचं अप्रूप. तेव्हाच वाचायला हवा होता.

वाचला तो नाशिकच्या शाळेतल्या क्लार्कने, जिथे आमचे फॉर्म जमा करून घेत होते. माझ्यामागे सतरा-अठरा वर्षांची नापास झालेली पोरं रांगेत उभी होती. क्लार्कने दाखल्यावरून बोट फिरवलं, एका रकान्यापाशी थांबला आणि मोठ्याने वाचलं, “शाळा सोडण्याचे कारण, अभ्यासात गती नाही.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, “काय ताई, आता आली का गती?”

पोरं हसली. क्लार्क काही वाईट माणूस नव्हता, वेळ जात नसेल त्याचा. पण मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. पोरांच्या नाही, माझ्या. तो दाखला त्याच्या हातातून मी परत घेतला आणि “उद्या येते” म्हणून बाहेर पडले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घडलं होतं ते असं. आमची घरं गावात नव्हती, मळ्यात होती, शाळेपासून पायी तासाभरावर. त्या बाजूच्या आम्ही पाच मुली नववीत होतो. दिवाळीच्या आधी शाळेने वर्गखोल्या कमी पडतात म्हणून नववी-दहावी दुपारच्या पाळीत टाकली. शाळा साडेपाचला सुटणार, आणि हिवाळ्यात मळ्यापर्यंत पोचायला मिट्ट काळोख. वाटेत ना दिवा, ना घर. मुलगे सायकलवर डबलसीट जायचे, त्यांचं काही अडलं नाही. माझे वडील दोनदा शाळेत गेले, हात जोडले, मुलींना तेवढं सकाळच्या पाळीत बसू द्या म्हणाले. नियमात बसत नाही, असं उत्तर मिळालं. दिवाळीनंतर आम्ही पाचही जणी घरी. पाळी बदलली शाळेने, आणि गती नाही आम्हाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “अगं, कागद मिळाला ना? कारण कोण वाचतंय?”

“आज दहा जणांनी ऐकलं,” मी म्हटलं. फॉर्मची मुदत संपायला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी परत देवळ्याच्या बसमध्ये.

मुख्याध्यापक तरुण होते. मी शाळा सोडली तेव्हा ते बालवाडीत असतील. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि जुनं जनरल रजिस्टर कपाटातून काढायला लावलं. शाळेतल्या प्रत्येक मुलाची एक ओळ त्यात असते, आणि दाखला म्हणजे त्या ओळीची नक्कल. माझी ओळ सापडली. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. कारण : अभ्यासात गती नाही. प्रगती चांगली असलेल्या मुलीला गती कशी नाही, हा प्रश्न एकाच ओळीत दोन्ही लिहिताना लिहिणाऱ्याला पडला नव्हता.

मग मी खाली पाहिलं. माझ्याखाली माझ्या चार मैत्रिणींची नावं ओळीने होती. त्यांच्या कारणाच्या रकान्यात शब्दच नव्हते. दोन बारक्या तिरक्या रेघा. वरीलप्रमाणे. त्याखाली पुन्हा दोन रेघा. मला शिव्या येतात, पण तिथे आल्या नाहीत. चार पोरींची शाळा गेली आणि लिहिणाऱ्याने त्यांच्यासाठी चार शब्दांची शाईसुद्धा खर्च केली नव्हती.

“हे खोटं आहे सर,” मी म्हटलं. “पाळी बदलली होती. बदलून द्या.”

“ताई, मला पटतंय हो,” ते म्हणाले. “पण रजिस्टरला हात लावायचा तर वरून आदेश लागतो. आणि आणखी एक अडचण आहे. तुमच्या ओळीतलं कारण बदललं, तर खालच्या चौघींचं काय? त्यांच्या रेघा तुमच्याच कारणाच्या आहेत.”

हे ते अगदी गंभीरपणे बोलले. मी चहा तसाच ठेवला. मुदतीला उरले तीन दिवस, आदेशाला महिने लागणार. परीक्षा हवी की खरं कारण, एवढाच प्रश्न उरला होता. मी परीक्षा निवडली. तोच दाखला, तेच कारण, त्याच क्लार्कच्या हातात दिलं. या वेळी त्याने तो रकाना मोठ्याने वाचला नाही. माझं तोंड बघूनच त्याने शिक्का मारला असावा.

मार्चमध्ये मी पेपर दिले. शेजारच्या बाकावरचा मुलगा मला आधी पर्यवेक्षक समजून उठून उभा राहिला होता. निकालाच्या दिवशी मुलीने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मी पास झाले होते, आणि सगळ्यात जास्त गुण गणितात होते. नवऱ्याने गल्लीत पेढे वाटले. राग आता तरी उतरेल असं मला वाटलं होतं. उतरला नाही. उलट गुणपत्रिका हातात आल्यावर तो पक्का झाला, कारण आता त्याला पुरावा होता.

रजिस्टरातलं कारण बदलायच्या आदेशासाठी मी अर्ज करायचं ठरवलं, पण एकटीचा नाही. रेघा माझ्या कारणाच्या होत्या ना? मग पाचही जणींचा. तिघींच्या सह्या फिरून मिळवल्या, कागदावर वर मजकुराला जागा सोडून. चौथी देवळ्याजवळच एका मळ्यात असते. गेले तेव्हा ती खळ्यात कांदा निवडत होती. नववीत बीजगणित मला सरांपेक्षा तिने जास्त शिकवलं होतं. वाटेने चालताना धुळीत काडीने समीकरणं मांडायची ती.

मी सगळं सांगितलं. तिने हात पदराला पुसले आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, “त्या कागदनी माले काय गरज शे?”

“गरज नाही गं. पण खोटं लिहिलंय. आपल्याला गती नव्हती म्हणे.”

तिने एक कांदा उचलून सडक्यांत टाकला. मग म्हणाली, “नसंल बी. लिहेल शे ना तसं.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. तिने तो दाखला कधी पाहिलाही नव्हता. पण शाळेने तिला जाऊ दिलं, कोणी बोलवायला आलं नाही, म्हणजे आपल्यातच काही कमी असणार, हे तिने केव्हाच मानून टाकलं होतं. मी माझी गुणपत्रिका काढून तिच्या हातात दिली आणि गणिताच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे कोणी शिकवलं मला?” मी जवळजवळ ओरडलेच. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग पेन मागितला.

अर्ज मी तिच्या ओट्यावरच पक्का लिहायला बसले. पाच नावं एकाखाली एक, आणि प्रत्येक नावासमोर कारण : शाळेची वेळ बदलल्यामुळे अंधारात घरी परतावे लागत असल्याने. तिसऱ्या नावापर्यंत माझं बोट दुखायला लागलं. ती शेजारी बसून बघत होती.

“एकदाच लिही ना,” ती म्हणाली. “खाली दोन रेघा मार.”

मी नाही म्हटलं, आणि चौथ्या नावासमोर, तिच्या नावासमोर, सगळं पूर्ण लिहिलं.