थोरल्या जावयाची बातमी

त्या रस्त्यावर दोन सलून समोरासमोर होती आणि दोघे मालक एकमेकांचे साडू. धाकट्याला गिऱ्हाइकं ‘मुका’ म्हणत. हात असा हलका, की दाढी करताना माणसाला डुलकी लागावी. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. थोरल्याला दोन्ही कल्ले सारखे राखणं कधी जमलं नाही, पण बोलण्यात पटाईत. निवडणूक जवळ आली तशा त्याच्याकडे ‘आतल्या बातम्या’ येऊ लागल्या आणि बाकावर जागा पुरेना.

मुका रिकाम्या खुर्चीपुढचा आरसा पुसत समोरच्या गर्दीकडे बघत राही. त्यात सासूबाई त्याच्याच घरी राहायच्या आणि जेवता जेवता म्हणायच्या, “थोरल्या जावयांना जगाची खबर असते हो!” मग त्याला घास गोड लागत नसे.

एक दिवस गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता तो बोलून गेला, “मतांनी भरलेल्या पेट्या आधीच शाळेत नेऊन ठेवल्यात. माझ्या ओळखीच्या ड्रायव्हरनंच नेल्या.”

असा कुणी ड्रायव्हर नव्हता. पण गिऱ्हाईक फेसासकट ताठ बसलं. “काय सांगतोस!”

संध्याकाळपर्यंत मुक्याचा बाक भरला. त्याला आयुष्यात एवढं सुख झालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी समोरून साडूचा आवाज आला, “अरे, माझाच तो ड्रायव्हर! माझ्यापाशी रडला बिचारा.” गर्दी रस्ता ओलांडून गेली. मुक्याच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःची थापसुद्धा त्याला लाभली नाही.

मतदानाच्या सकाळी सासूबाई जागच्या हलेनात. एकही मतदान न चुकवलेली बाई म्हणाली, “पेट्या भरलेल्याच आहेत, तर पाय कशाला दुखवू? थोरले जावई खोटं नाही बोलायचे.”

“आई, ते मीच रचलं होतं. ड्रायव्हर-बिव्हर कुणी नाही.”

सासूबाईंनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. “जावईबापू, त्यांचं नाव झालं म्हणून पोटात दुखतंय तुमच्या.”

“तसं नाही हो,” म्हणताना तो अडखळला, कारण दुखत तर होतंच.

तो तडक साडूच्या दुकानातल्या बाकापुढे जाऊन उभा राहिला. “सगळं खोटं आहे. उठा, मत द्या.”

“बघा,” साडू कात्री चालवत म्हणाला, “धंदा बसला की माणूस काय काय बरळतो!” हशा पिकला. कुणी उठलं नाही. मुका एकटाच जाऊन मत देऊन आला; केंद्रावर रांगच नव्हती.

सासूबाई ज्यांना नेहमी मत देत, त्या उमेदवार बाई थोडक्यात पडल्या. “थोरल्या जावयांनी सांगितलंच होतं,” सासूबाई लेकीला म्हणाल्या.

मुका ताट सारून दुकानात आला. समोर साडू रंगात आला होता. “त्या ड्रायव्हरला आता धमक्या येतायत,” तो सांगत होता, आणि माणसं श्वास रोखून ऐकत होती.

हे आपल्याला का सुचलं नाही, असं मुक्याच्या मनात आलं, आणि तो आणखीच जळला.