उजव्या हाताचा सलाम

औरंगाबादेत आमच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर एक जुना कामगार राखणीला बसायचा. यंत्रात चिरडलेला त्याचा उजवा हात जखम भरल्यावर वरून धड दिसायचा. आतून मात्र वारा लागला तरी मिरची चोळल्यागत आग व्हायची. म्हणून त्याला कायम ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि सलाम डाव्या हातानं. निजामाच्या अमलात हा उद्धटपणाच. लोक खेकसायचे, "उजव्याला काय झालं?"

"लई जळतंय, साहेब."

"दिसत तर काय बी नाय!"

हात तुटला असता तर कीव तरी केली असती.

एकदा मालक आले. नोकरी जाईल या धाकानं त्यानं फडकं सोडलं आणि लवून उजव्या हातानं सलाम केला. डोळ्यांतनं पाणी गळलं. मालकाला ते इमान वाटलं.

"हात बरा झाला की! उद्यापासून यंत्रावर ये."

"जी, हुजूर," म्हणत त्यानं पुन्हा सलाम केला. उजव्याच हातानं.