दोन मशीन आणि ताईंची छाती

सीटी स्कॅन काढणाऱ्या ताईंना वीस वर्षांत एकच गोष्ट कधी खपली नव्हती, ती म्हणजे हलणारा पेशंट. फोटो धूसर आला की त्यांचा निकाल ठरलेला, "हललात ना?" समोरचा धापा टाकत असला तरी सुटका नाही.

छातीच्या डॉक्टरांनी नवी तपासणी हाती घेतली होती. फुप्फुसं बघायला एमआरआय सीटीच्या तोडीला उतरतो का, ते त्यांना पाहायचं होतं. एमआरआयला क्ष-किरण लागत नाहीत, त्यामुळे सारखी तपासणी लागणाऱ्यांची मोठी सोय झाली असती. तुलनेसाठी काही ठणठणीत माणसंही हवी होती.

"मला घ्या की! खणखणीत आहे छाती," ताई म्हणाल्या.

एमआरआयवरची मुलगी नवखी, पण तोंडाची फटकळ. खडखडाटात अर्धा तास गेल्यावर ती म्हणाली, "ताई, खाली दोन्हीकडे धूसर आलंय. हललात तुम्ही."

"मी? अगं, लोकांना हलू नका सांगण्यात माझे केस पिकले!"

पुन्हा काढला, तरी धूसर ते धूसरच. ताईंचा पारा चढला. "फुप्फुसात नुसती हवा. तुझ्या मशीनला त्यात काय दिसणार, कप्पाळ! चल आमच्या खोलीत. एका श्वासात होतं. मग कळेल कुणाचं चुकलं ते."

डॉक्टरही मजा बघायला आले. सीटी झाला आणि ताई अनवाणीच काचेपलीकडच्या पडद्याकडे धावल्या. रेघ न् रेघ स्पष्ट होती.

"बघ! कसा स्वच्छ आलाय!"

आणि मग जे स्वच्छ दिसत होतं ते त्यांना दिसलं. फुप्फुसांच्या तळाशी, एमआरआयमध्ये धूसर होतं तिथेच, मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. असे फोटो त्यांनी शेकड्याने काढले होते, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं तेही त्यांना माहीत होतं. कोपऱ्यातलं स्वतःचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"दम लागत होता का, ताई?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"जिने चढताना लागायचा. वय झालं म्हटलं."

मुलीचे डोळे भरून आले. "आपण परत काढू या ना, ताई. हलला असाल."

ताईंनी तिचा हात धरला.

"नाही गं. हलले नव्हते मी."