चौकट धरायला दोघं

दाराची चौकट तयार होऊन पडली होती आणि मी तिला उगाच रंधा मारत बसलो होतो. रंधा मारण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं.

येरमाळ्याच्या पुढं हमरस्ता सोडून आत गेलं की उघडा माळ लागतो, तिथं आमचं काम चाललं होतं. शहरातली थकलेली माणसं येऊन राहतील, ध्यान करतील, साधं खातील, अशी जागा. सगळं लाकडाचं, पण त्यासाठी एकही झाड तोडायचं नाही. भूम, ईट या गावांकडं जुनी माळवदं, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं, पाडली जात होती. त्यांतले सागवानी खांब आणि तुळया आणलेल्या. एका अंगानं चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या. खिळे जवळजवळ नाहीतच. लाकडात लाकूड बसवायचं आणि बाभळीच्या खुंट्यांनी आवळायचं. म्हणजे उद्या जागा नको झाली तर सगळं खोलून दुसरीकडं उभं करता येईल, मागं फक्त माळ राहील.

मी सिंधुदुर्गातला. सहावीत शाळा सुटली आणि चुलत्यांच्या हाताखाली सुतारकामाला लागलो. आमच्याकडं लाकूड कधी पुरतं वाळतच नाही. इथं ते उन्हात तडतड आवाज करतं. पहिले काही दिवस मी त्या आवाजानं दचकायचो. मला इथं आणलं ते आर्किटेक्ट मॅडमनी. नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं, आणि चुकलो तरी कधी आवाज चढवला नाही. एवढ्या लांब, एवढं मोठं काम माझ्यासारख्याच्या हातात कुणी दिलं असतं? ते मी विसरणार नाही.

पण चौकटीचं त्यांना कसं सांगू, कळत नव्हतं.

चुलते सांगायचे, चौकट उभी करताना घरच्या जोडप्याचा हात तिला लागला पाहिजे. उंबऱ्याखालचं नाणं, हळदकुंकू, नारळ, सुताराला टॉवेल-टोपी, ते सगळं नंतर. आधी हात. गावी एकदा मी एका बंद बंगल्याची चौकट एकट्यानं बसवली होती. मालक परदेशी, चावी शेजाऱ्याकडं. त्याच महिन्यात माझ्या बायकोच्या पोटातलं पाचव्या महिन्याचं बाळ गेलं. दवाखान्याच्या पायरीवर चुलते एवढंच म्हणाले, "बेवारशी चौकट उभी केलंस." डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं होतं, आणि मला ते समजलंही होतं. तरी डोक्यात रुतून बसलं ते चुलत्यांचं.

आता बायको पुन्हा पोटुशी होती, माहेरी. दिवस भरत आले होते. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचो. आणि माझ्या पुढ्यात पुन्हा एक चौकट होती, जिला घरचं माणूसच नव्हतं.

मॅनेजरना विचारलं, "पूजेला मालक कधी येणार?"

"मिस्त्री, मालक म्हणजे कंपनी. कंपनीला कुठली आलीय बायको?" ते हसले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "नारळ आणा, फोडा. कोण नको म्हणतंय?"

मॅडम हसल्या नाहीत. "मीही तुमच्यासारखीच कामाला आलेली," म्हणाल्या. "पण चालत असेल तर मी उभी राहते." मी नको म्हणून मान हलवली आणि परत रंधा हातात घेतला.

कामगारांचा स्वयंपाक करायला जवळच्याच वस्तीवरच्या एक मावशी यायच्या. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, राखणीला. जागा सुरू झाली की दोघं तिथंच मागच्या खोलीत राहणार होते. इथं लोक मौन पाळायला येणार, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "पैशे देऊन गप बसायला? आमचं म्हातारं तर फुकाट बसतंय की." काका तेव्हाही काही बोलले नव्हते.

त्या दुपारी मावशींनी माझं ताट पाहिलं. "मिस्त्री, भाकर न्हाय्‌ खायाची तर सांगा, कुत्र्याला तरी घालते."

मग मी सांगितलं. बाळाचंसुद्धा. इथं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या हातातलं काम थांबवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात नारळ-कुकू नसतंय. सासऱ्यांच्या वक्ताला धम्म घेतला, तवापासनं सोडलंय. तुमच्या समाधानाला म्हून खोटं न्हाय करायची मी."

"नको, मावशी. मी तसं म्हणत नाही."

"निस्तं धरायचं आसंल तर धरतो की आमी दोघं. ऱ्हाणार तर आमीच हाव हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट उभी केली. एका खांबाला काका, एकाला मावशी. चौकट सरळ आहे का बघायला मी ओळंबा सोडला. माळावर वारा होता, सुतळी झुलत राहिली. ती थांबेपर्यंत पाचर ठोकता येत नाही. मावशींच्या हाताला ज्वारीचं पीठ तसंच होतं. मला बायकोच्या माहेरचं दार दिसत होतं, ओटीवर बसलेली ती दिसत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"थांबली," काका म्हणाले.

मी पाचरी ठोकल्या. त्यांनी हात काढले. चौकट जागची हलली नाही.

मावशी सरळ उंबऱ्यावरच टेकल्या. मी पुढं झालो. "मावशी, उंबऱ्यावर बसू नये."

"का? मोडतंय व्हय?"

"मोडत नाही."

"मग बसू द्या. माझं कंबरडं मोडलंय."

काका तोंड फिरवून हसले. मग तेही दुसऱ्या टोकाला टेकले. दोघं तशी बसलेली पाहून छातीतलं काहीतरी सैल झालं. पण घोर पुरता गेला नाही. तो गेला काही दिवसांनी फोन आला तेव्हा. सासूबाई रडत होत्या. मग शब्द कळले. "चेडू झाला. दोघाय बरी आसत."

मी मावशींकडं धावलो. मुलगी झाली म्हणालो, तुमच्यामुळं झालं म्हणालो. त्या चिडल्याच. "माझ्यामुळं? नऊ महिनं वझं तिनं वागवलं, कळा तिनं काढल्या, आन्‌ नाव माझं? तिला लावा की फोन!"

बरोबरच होतं त्यांचं. मी फोन लावला. बोलता मात्र आलं नाही. तिकडून ती नुसती श्वास घेत होती, आणि मला तेवढं पुरलं.

लेकीला बघून मी परत आलो. पुढच्या खोलीची चौकट तयार झाली तसा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आता काय? चौकटीला टेकू न्हाईत का तुमच्याकडं?" मावशी म्हणाल्या.

"आहेत."

"पोरगी तर झाली सुखरूप."

"झाली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पदराला हात पुसले आणि काकांना हाक मारली.