शेजारणीला लागतं

माझ्या बायकोच्या मामांइतका संतापी माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा जन्मला नसेल, आणि जन्मला असलाच तर मामांनी त्याला झापून गप्प बसवलं असेल. रोह्याला कंपनीत फिटर होते. राग सगळा एकाच जातीवर: नुसतं बघत उभं राहणाऱ्यांवर. चोरांवरसुद्धा तितका नव्हता. "चोर निदान हातपाय तरी हलवतो," म्हणायचे. गणपतीची मूर्ती ठरवायला ते दरवर्षी पेणला आमच्याकडे यायचे. एकदा वाटेत नागोठण्याच्या स्टँडवर भाजीवाली चक्कर येऊन पडली आणि भोवती ही गर्दी! मामा एसटीतून उतरून आत घुसले. घोळक्यावर ओरडून काही होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून एकेकाला बोट लावलं. "ए निळा शर्ट, पाणी आण! छत्रीवाले भाऊ, सावली धरा! आणि तू रे मिशीवाल्या, रिक्षा बोलाव, तोंड काय बघतोस?" सगळे पळाले. तेवढ्यात एसटीही पळाली, मामांची पिशवी घेऊन. आमच्या दारात पाऊल टाकलं ते माझ्यावरच उखडत, "जावईबापू, जो तो म्हणतो कोणीतरी करील. हा कोणीतरी मला एकदा दाखवाच. थोबाड रंगवतो त्याचं!"

मग मामींना छातीचा कॅन्सर झाला. मुंबईला ऑपरेशन झालं आणि नंतर शेक सुरू झाले. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणतात. मामांनी तिथल्या तरुण डॉक्टरला प्रश्न विचारून विचारून जेरीस आणलं. एक दिवस तो बिचारा सांगून बसला की काका, एक गंमत आता प्रयोगशाळेत दिसू लागली आहे. किरण एका पेशीवर पडतो, पण शेजारची पेशी, जिला तो शिवलेलाही नाही, तीही कधीकधी दुखावते. मामांना घबाडच मिळालं! रोह्याला परत आले ते आळीच्या नळावर, पानाच्या गादीवर, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याला वस्तरा लागलेला असतानासुद्धा एकच भाषण: "एवढीशी पेशी, डोळ्याला दिसत नाय, पण शेजारणीचं दुखणं तिला लागतं! आणि तुम्ही? शेजारी भिंत पडली तरी खिडकीतून बघाल!"

आळीने भाषण मन लावून ऐकलं आणि त्यातलं नेमकं एवढंच उचललं, की शेजारणीला लागतं. झालं! मामींकडे येणं बंद. दुपारी तांदूळ निवडायला बसणाऱ्या बायका येईनात. मला कळलं तेव्हा माझं टाळकंच सरकलं. अरे, दिवा मालवला की उजेड खोलीत साठून राहतो काय? मशीन बंद झालं की त्या बाईच्या अंगात किरणबिरण काही उरत नाही. रोह्याला जाऊन दारोदार सांगितलं मी. "व्हय, खरं हाय," म्हणायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. अस्सा संताप यायचा! मामा तर आता आरशातल्या स्वतःवरही खेकसत होते.

मामींनी मात्र एकच विचारलं, "गौरीला सुपं येतील ना हो?" आमच्याकडे गौरीचा ओवसा असतो. सुना सजवलेलं सूप गौरीपुढे ओवसतात, म्हणजे ओवाळतात, आणि मग तेच थोरामोठ्यांना वाण म्हणून देऊन पाया पडतात. आळीतलं पहिलं वाण मामींना, हा रिवाज. उपासतापास करून, औषधं गिळून ती बाई त्या एका दिवसासाठी तग धरून होती.

गौरीच्या दुपारी आम्ही रोह्यालाच होतो. मामी नवं लुगडं नेसून बसल्या. सुना सुपं घेऊन आपापल्या ओटीवर आल्या आणि तिथेच थबकल्या. ही तिच्याकडे बघते, ती हिच्याकडे. पहिलं पाऊल टाकायचं कुणी? मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहून साऱ्या आळीला शिव्या देऊ लागले. "माणसं हाव का दगड? लाजा नायत तुम्हाला?" एक जण हलेल तर शपथ! सगळ्यांना ओरडून काही होत नाही, हे ज्याला ठाऊक तोच माणूस सगळ्यांना ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरकला.

तेवढ्यात मामी चौकट धरून दारात आल्या. समोरच्या ओटीकडे बघून म्हणाल्या, "सुमन, तुझं सूप मला दे गो."

सुमन समोरच्या घरातली नवी सून. तिने एकदा सासूकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला. वाण देऊन वाकली, तशी मामींनी तिला उठवून छातीशी धरलं, त्याच छातीशी. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि ओटीवर जागा पुरेना. मामा कोपऱ्यात पाठ फिरवून नाक शिंकरत होते.

पुढच्या गौरीला मामी नव्हत्या. तरी सुमन पहिलं सूप घेऊन त्याच दारात आली. मामांनी वाण घेतलं, मामींच्या रिकाम्या पाटावर ठेवलं आणि आतूनच खेकसले, "एवढा उशीर? ती केव्हाची वाट बघते गो!"