रक्त कमी, संत्री पुष्कळ

आमचं ऑफिस नवा रायपूरला हललं, त्या हिवाळ्यात मी फार थकले. जुन्या शहरातल्या पुरानी बस्तीतून अंधारातच निघायचं, बसची वाट बघायची, मग ते रुंद, रिकामे रस्ते बघत बसायचं. काम सुरू व्हायच्या आतच मी संपलेली असायची. एक दिवस ऑफिसच्या जिन्यात मधेच बसून राहिले. श्वास पुरेना. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "दीदी, डॉक्टर को दिखाओ."

शंकर नगरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन खूप खाली होतं. लोहाच्या गोळ्या तर मी आधीपासूनच घेत होते.

"किसके साथ लेती हैं?" त्यांनी विचारलं.

"चाय के साथ."

त्यांनी मान हलवली. चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणाल्या. संत्र्याच्या रसासोबत घ्या, त्यातल्या सी जीवनसत्त्वानं लोह रक्तात उतरतं.

संध्याकाळी नवऱ्यानं रसाचा डबा आणला. सासूबाई वरुडकडच्या, माहेरी संत्र्याची बाग. त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "काय लिहून आहे यावर? वाच बरं."

मी वाचलं. आधी पाणी, मग साखर, मग आटवलेला रस.

"हे त शरबत होय," त्या म्हणाल्या. "मीच काढून देतो तुले."

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याही आधी उठायला लागल्या. फोडी सोलायच्या, बिया काढायच्या, मग कपड्यातून रस पिळायचा. पहिल्या दिवशी मी तो बाटलीत नेला. दुपारी उघडला तर कडू जहर. संध्याकाळी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ठेवला का कडू होतेच. निघाच्या आधी इथंच पेत जा." म्हणून त्या आणखी लवकर उठायला लागल्या. मी उभ्या उभ्या पेला रिकामा करायची, गोळी गिळायची आणि चपला शोधायची. त्यांच्याकडे धड बघायचीही ताकद माझ्यात नव्हती. रस गोड असायचा. तोंडाला चव मात्र नसायची.

एका सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या. हातात अर्धं सोललेलं संत्रं, डोळे मिटलेले. मी घाबरून खांदा हलवला.

"काही नाही व बाई," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जराशी घेरी आली."

त्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांचं रक्त माझ्याहून कमी निघालं.

"मले काहून असंन?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी त घरीच असतो."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रस आप भी पीती हैं?"

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. "चोथा खातो मी. फेकाचा कसा?"

चोथा वाईट नाही, पोटाला चांगला, पण रक्तासाठी तुम्हालाही गोळी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आणि रसच कशाला, सबंध संत्रं खा, म्हणाल्या. सी जीवनसत्त्वही मिळतं, चोथाही पोटात जातो. परतताना रिक्षात सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मले वाटलं, म्हातारपण होय."

मी त्यांचा हात धरला. हाताला संत्र्याच्या सालीचा वास होता.

त्यानंतर पिळणं बंद झालं. मी जेवणाच्या डब्यासोबत एक संत्रं न्यायला लागले, त्याही दुपारी जेवून एक खायच्या. दोघींच्या गोळ्या एकाच वाटीत असत. माझं रक्त उन्हाळ्यापर्यंत वर आलं. त्यांचं यायला फार वेळ लागला. संत्र्यांचा हंगाम संपल्यावर आम्ही लिंबावर आलो.

बस तीच, रस्ता तोच. संध्याकाळी घरी आले की मी अजूनही आधी ओट्याशी बसकण मारते. पण आता सासूबाईही शेजारी येऊन बसतात, आणि स्वयंपाकाला कोणी उठायचं हे बराच वेळ ठरत नाही.