फुटलेला धुरा

आईच्या गालात आतून जखम झाली, तेव्हा मी नागपूरच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवरच काम करत होते. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच. तंबाखू-सुपारीचा खर्रा सोड म्हणून आम्ही बोंबलून थकलो होतो, तिने तो कधी सोडला नाही.

गडचिरोलीकडच्या आमच्या गावी, घराच्या ओट्यावर बसून मी तिला समजावलं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते कमी झालं की पेशीचा आकार बिघडतो, ती लांबुळकी होते, शेजारणीला सोडते आणि अंगभर हिंडायला निघते. "तुझ्या अजून जागेवर असतील. उद्याच नागपूरला दवाखान्यात चल."

"म्हंजे धुरा फुटल्यावानी," आई म्हणाली. धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटला की पाणी थांबत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. "मंग बुजवता येत नाई काय?"

येतं, मी म्हटलं. काचेच्या बशीत आम्ही ते प्रथिन पेशींना परत देतो आणि त्या पुन्हा धरून बसतात. पण ते बशीत, आई. माणसात नाही.

शेवटचं तिने ऐकलंच नाही. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवणीला आले होते. "रोवणा होऊ दे, मंग येतो. तवरिक तू बुजवून ठेव." मी भांडले, रडले, जेवले नाही. बाबाही तिच्याच बाजूचे. धान घरात आल्याशिवाय आजारी पडायचं नाही, ही आमच्याकडची जुनी खोड. रोवण्यानंतर निंदण निघालं, निंदणानंतर कापणी. रोज संध्याकाळी मात्र तिचा फोन यायचा, "आज धरल्या का वं?"

ती आली तोवर गाठी मानेत होत्या, फुप्फुसातही. दवाखान्यातल्या खाटेवर तिने मलाच विचारलं, "तुह्या बशीतल्या धरतात ना? मंग माह्या काऊन नाई?"

मला माझ्या कामाचा, त्या बशांचा, तिच्या धानाचा, सगळ्याचा राग आला होता.

आई गेली. परवा प्रयोग पुन्हा जमला. पेशी एकमेकींना घट्ट धरून होत्या. सोबतचे टाळ्या वाजवत होते. मी बाहेर आले आणि सवयीने आईचा नंबर लावला. बाबांनी उचलला.

"धरल्या का वं बाई?"

"धरल्या, बाबा," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं फोनवरच रडलो.